पिट्युटरीचं दुर्बिणीचं ऑपरेशन: आधी आणि नंतर नाकातली हवा कशी मोजावी

ज्या रुग्णाचं नाक ऑपरेशनच्या आधी मोजलेलं नाही, त्याचं नंतर मोजून फारसं काही हाती लागत नाही. हे मला एका बाईंमुळे कायमचं पटलं. नाकातून दुर्बिणीने पिट्युटरी ग्रंथीची गाठ पूर्ण निघाली होती, नजर सुधारली होती, हार्मोनच्या तपासण्या जागेवर आल्या होत्या. तीन महिन्यांनी त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टर, सगळं छान झालं, पण उजवीकडून श्वासच येत नाही.” मशीन लावलं. उजव्या बाजूचा रोध, म्हणजे हवेला होणारा अडथळा, डावीच्या जवळपास दुप्पट. पण हे ऑपरेशनमुळे झालं, की दोन नाकपुड्यांमधला पडदा मुळातच वाकडा होता? आधीचा आकडाच नव्हता. जुना सीटी स्कॅन काढून पडद्याचा बाक पाहिला, अंदाज बांधला. त्या बाईंना मात्र ठाम उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून पिट्युटरीच्या प्रत्येक रुग्णाचं नाक मी आधी मोजते. त्याला पाऊण ते एक तास लागतो.

हा लेख नाक-कान-घशाचे तरुण डॉक्टर, मोजणी करणारे तंत्रज्ञ आणि परिचारिका यांच्यासाठी आहे. रुग्णांनी वाचला तरी हरकत नाही, फक्त मोजणीचे प्रयोग घरी करू नयेत. का, ते पुढे येईलच.

ऑपरेशनमध्ये नाकात काय बदलतं

पिट्युटरी ग्रंथी कवटीच्या तळाशी, स्फेनॉइड सायनस या नाकामागच्या हवेच्या पोकळीच्या पलीकडे, हाडाच्या एका खळगीत बसलेली असते. नाकपुडीपासून स्फेनॉइडच्या पुढच्या भिंतीपर्यंत मोठ्या माणसात साधारण ७ सेंटीमीटर अंतर असतं. तिथवर पोचायला मधलं टर्बिनेट, म्हणजे नाकाच्या बाजूच्या भिंतीवरचा हाडाचा कंगोरा, बाहेरच्या बाजूला सारतात, कधी त्याचा भाग काढतात. पडद्याचा अगदी मागचा हाडाचा तुकडा काढतात, म्हणजे दोन्ही नाकपुड्यांतून हत्यारं फिरवायला जागा होते. स्फेनॉइडची तोंडं रुंद करतात. मेंदूभोवतालचं पाणी गळायला लागलं तर पडद्यावरचं अस्तर त्याच्या रक्तवाहिनीसकट सोडवून मागे फिरवतात आणि त्या जागेवर बसवतात. अस्तराच्या पट्टीची ही पद्धत २००६ मध्ये मांडली गेली आणि गळती रोखण्यासाठी फार उपयोगी ठरली. पण जिथून अस्तर उचललं तिथं पडदा उघडा पडतो, आणि तो झाकला जाईपर्यंत कित्येक आठवडे खपल्या धरत राहतात.

आता नाकाची दुसरी बाजू पाहा. हवेला सर्वांत जास्त अडथळा होतो तो नाकाच्या व्हॉल्व्हपाशी. नाकपुडीच्या तोंडापासून दीड-दोन सेंटीमीटर आत, जिथं पडदा आणि वरची कूर्चा १० ते १५ अंशांचा अरुंद कोन करतात, तिथं. नाकाच्या एकूण रोधाचा अर्ध्याहून अधिक वाटा या छोट्याशा जागेचा. आणि नळी अरुंद झाली की रोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या हिशेबाने वाढतो, म्हणजे व्हॉल्व्हपाशी एखाद्या मिलिमीटरची सूजही जाणवते. ऑपरेशन मात्र त्याच्या कितीतरी मागे होतं. म्हणून पुष्कळदा असं घडतं, की मागची वाट मोकळी होते, एकूण रोधाचा आकडा जागेवरच राहतो किंवा थोडा सुधारतोसुद्धा, आणि तरी रुग्ण म्हणतो की नाक चोंदलंय. रुग्ण खोटं बोलत नसतो. त्याचं कारण पुढे सांगते.

कधी मोजायचं

पहिली मोजणी ऑपरेशनच्या आधीच्या दोन आठवड्यांत. सर्दी असेल तर ती पूर्ण ओसरू द्या, तारीख जवळ असली तरी. नंतरची मोजणी नाकातलं पॅकिंग (भरलेला बोळा) आणि स्प्लिंट (आधाराची पट्टी) निघून, खपल्यांची पहिली मोठी साफसफाई झाल्यावर, म्हणजे सहा आठवड्यांच्या आसपास. मग तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात, आणि जमलं तर वर्षाने एकदा. त्यात तिसऱ्या महिन्याचा आकडा सर्वांत कामाचा. सहा आठवड्यांवर सूज आणि खपल्या अजून बोलत असतात, तेव्हा तो आकडा पाहून रुग्णाला भविष्य सांगायला जाऊ नका.

सुरुवातीच्या काळात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. जोराने श्वास ओढायला लावणारी कोणतीही चाचणी नव्याने बुजवलेल्या जागेवर ताण आणते. शिंकरणं, जोर करणं, तोंड मिटून शिंकणं आपण ज्या कारणासाठी बंद ठेवतो, तेच कारण इथंही लागू. म्हणून शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनची परवानगी घेतल्याशिवाय पीक फ्लोची, म्हणजे नाकाने जोरात आत ओढलेल्या हवेचा वेग मोजणारी, चाचणी करायची नाही. पाणी गळून दुरुस्ती झाली असेल तर मी ती तीन महिन्यांपर्यंत टाळते. साध्या संथ श्वासावर होणाऱ्या चाचण्या आधी करता येतात, पण त्याही सर्जनला विचारूनच.

मोजताना रुग्ण पुढे वाकल्यावर नाकातून स्वच्छ, पातळ पाणी टपकलं, किंवा घशात खारट चव येते असं त्याने सांगितलं, तर मोजणी तिथंच थांबवा. ते मेंदूभोवतालचं पाणी आहे का हे कळायला थेंब बाटलीत धरून बीटा-२ ट्रान्सफेरिनच्या तपासणीसाठी पाठवा आणि सर्जनला त्याच वेळी कळवा. ताप, तीव्र डोकेदुखी, मान आखडणं यांपैकी काही सोबत असेल तर क्षणाचाही उशीर नको.

खोली आणि रुग्णाची तयारी

नाक हा जिवंत अवयव आहे, ते तासातासाला बदलतं. बहुतेक लोकांत दोन्ही बाजू आळीपाळीने भरतात आणि मोकळ्या होतात. याला नाकाचं चक्र म्हणतात, आणि एका फेरीला काही तास लागतात. सकाळी उजवी बाजू बंद दिसली, दुपारी डावी. दोन्ही बाजू मिळून होणारा एकूण रोध मात्र त्या मानाने स्थिर असतो. नुसत्या एका बाजूच्या आकड्यावर निष्कर्ष काढणारे इथं हमखास फसतात.

म्हणून आधीची आणि नंतरची मोजणी दिवसाच्या साधारण त्याच वेळी, त्याच खोलीत, त्याच मशीनवर करा. शक्य तर माणूसही तोच. रुग्ण चालत, जिने चढत आलेला असेल तर नाक तात्पुरतं मोकळं झालेलं असतं. त्याला वीस ते तीस मिनिटं शांत बसवा. आडवं झोपू देऊ नका, झोपल्यावर नाक भरतं. नाकात मारायचे स्प्रे, सर्दीच्या गोळ्या, अ‍ॅलर्जीची औषधं कधी घेतली ते विचारून लिहा. सर्दी मोकळी करणारा स्प्रे रुग्णाने मोजणीच्या दिवशी स्वतः मारून येऊ नये.

क्रम चुकला तर सगळी मेहनत वाया जाते. दुर्बीण शेवटी घालायची. दुर्बिणीआधी आपण नाकात भूल आणि रक्तवाहिन्या आकसणारं औषध मारतो. त्याने नाक मोकळंही होतं आणि बधिरही. त्यानंतर घेतलेला आकडा रुग्णाच्या नाकाचा नसतो, औषधाचा असतो. आधी प्रश्नावली, मग आरसा, मग मशीन, मग स्प्रे, पुन्हा मशीन, आणि सर्वांत शेवटी दुर्बीण, हाच क्रम ठेवा.

प्रश्नावली

नोज प्रश्नावलीत पाच प्रश्न आहेत: नाक जड वाटणं, चोंदणं, श्वासाला त्रास, झोपेत त्रास आणि श्रम करताना हवा न पुरणं. प्रत्येकाला ० ते ४ गुण, बेरजेला ५ ने गुणायचं, म्हणजे ० ते १०० अशी पट्टी मिळते. ३० ते ५० मध्यम, ५५ ते ७५ तीव्र, ८० आणि त्याहून वर अतितीव्र. पिट्युटरीच्या रुग्णांसाठी एवढं पुरत नाही, कारण त्यांच्या तक्रारी खपल्या, वास न येणं, घशात स्राव उतरणं अशाही असतात. त्यासाठी २२ प्रश्नांची स्नॉट-२२ सोबत भरून घ्या, तिची पट्टी ० ते ११० असते. प्रश्नावली रुग्णाने स्वतः, मशीनचे आकडे पाहायच्या आधी भरायची. नातेवाईक शेजारून उत्तरं सुचवत असतील तर त्यांना नम्रपणे बाहेर बसवा.

मग एक साधा प्रश्न माझ्याकडून: “कोणती बाजू जास्त बंद वाटते?” उत्तर रुग्णाच्याच शब्दांत लिहून ठेवते.

आरसा

थंड धातूची पट्टी किंवा आरसा वरच्या ओठावर आडवा धरायचा आणि रुग्णाला नाकाने संथ श्वास सोडायला सांगायचं. दोन बाजूंना वाफेचे दोन ठिपके उमटतात. मोजपट्टीच्या रेघा असलेल्या पट्टीवर त्यांचा आकार टिपता येतो. ही ढोबळ चाचणी आहे, हे कबूल. पण एका बाजूला नखाएवढा ठिपका आणि दुसरीकडे रुपयाएवढा, हे रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, आणि पुढच्या चाचण्यांना तो मनापासून सहकार्य करतो.

रायनोमॅनोमेट्री, जरा सावकाश

सगळ्यांत जास्त सांगते ती ही चाचणी. हवेचा प्रवाह आणि त्यासाठी लागलेला दाब, या दोन्हींची एकत्र नोंद इथं होते. पुढून करायच्या पद्धतीत एक नाकपुडी चिकटपट्टीने किंवा स्पंजच्या बुचाने बंद करून त्यातून बारीक नळी जाते. बंद बाजूने हवा वाहत नसल्यामुळे ती बाजू नळीचाच लांब भाग बनते आणि नाकाच्या मागच्या भागातला दाब आपल्याला कळवते. दुसऱ्या, उघड्या नाकपुडीतून वाहणारी हवा मास्कमधून मोजली जाते.

मशीन सुरू करून ते तापू द्या आणि कॅलिब्रेशन करा, रोज. पट्टी लावताना जो मोह होतो तो टाळा: नाकपुडी ओढून धरायची नाही. पट्टी जराशी ताणली की व्हॉल्व्ह उघडतो आणि आकडा सुंदर येतो. मी पट्टी आधी बोटावर लावून तिचा चिकटपणा थोडा कमी करते, मग नाकपुडीच्या कडेवर अलगद टेकवते आणि समोरून पाहते. दोन्ही बाजूंचा आकार सारखा दिसला पाहिजे. मास्क चेहऱ्यावर हवाबंद बसवा, पण नाकाच्या भिंतीवर दाबू नका. दाढी असेल तर कडेने हवा निसटते, तिथं थोडं जेल लावा. तोंड बंद, पाठ ताठ, श्वास नेहमीचा.

पडद्यावर हळूहळू ‘एस’सारखी वळणदार रेघ उमटते. रेघ स्वच्छ असेल तर एकाच वाटेने येते-जाते. ती जाड, झिपऱ्या झाल्यासारखी दिसली तर कुठेतरी गळती आहे किंवा रुग्ण तोंडाने श्वास घेतोय. तीन ते पाच चांगले श्वास मिळाले की बाजू बदला.

आकडा १५० पास्कल दाबावर वाचायचा, ही आंतरराष्ट्रीय प्रथा १९८४ पासून आहे. समजा १५० पास्कलवर उजवीकडून सेकंदाला ३०० घनसेंटीमीटर हवा गेली, तर रोध १५० भागिले ३००, म्हणजे ०.५०. डावीकडून २०० गेली तर ०.७५. एकूण रोध काढायला दोन्ही रोधांची बेरीज करू नका, दोन वाटा शेजारी-शेजारी आहेत. प्रवाहांची बेरीज करा: ५००. मग १५० भागिले ५०० म्हणजे ०.३०. मोठ्या माणसात एकूण रोध ०.३ च्या वर गेला की बहुतेक ठिकाणी तो वाढलेला धरतात. काही रुग्ण संथ श्वासात १५० पर्यंत पोचतच नाहीत. त्यांना जोर लावायला सांगू नका. ७५ पास्कलवर वाचा, तसं स्पष्ट लिहा आणि पुढच्या वेळीही ७५ वरच वाचा.

एक चूक फार सहज होते. उजवी बाजू मोजताना पट्टी डावीकडे असते, आणि घाईत नोंद उलटी पडते. मी मोजत असलेल्या बाजूचं नाव मोठ्याने म्हणते.

पहिली फेरी झाल्यावर झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचा स्प्रे दोन्ही बाजूंना मारून पंधरा मिनिटं थांबा आणि पुन्हा मोजा. रोध खूप उतरला तर अडथळा अस्तराच्या सुजेचा, जवळजवळ तेवढाच राहिला तर हाडा-कूर्चेचा किंवा चिकटलेल्या पेशींचा. स्प्रे मारण्याआधी रक्तदाब पाहा. अ‍ॅक्रोमेगॅली (वाढीचं हार्मोन जादा) आणि कुशिंग (कॉर्टिसोल जादा) या पिट्युटरीच्या गाठीमुळे होणाऱ्या दोन्ही आजारांत रक्तदाब वाढलेला असणं नेहमीचं आहे, आणि या औषधाने तो आणखी चढू शकतो.

पडद्याला भोक असेल तर

इथं या ऑपरेशनची खास अडचण येते. पुढची पद्धत पडदा अखंड आहे असं गृहीत धरते. पडद्याच्या पुढच्या भागात भोक पडलं असेल तर हवा एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाते आणि आकडा निरर्थक होतो. तो छापू नका. पडद्याचा फक्त अगदी मागचा तुकडा काढलेला असेल तर मोजणी करता येते. पण तिथून हवा दोन्ही मागच्या दारांनी निघू शकते, त्यामुळे एका बाजूचा रोध खराहून कमी दिसू शकतो. अशा वेळी बाजूनिहाय फरकापेक्षा एकूण आकड्यावर भर द्या आणि अहवालात पडद्याची स्थिती लिहा. मागून करायची पद्धतही आहे, त्यात दाबाची नळी तोंडात धरतात. पण टाळू सैल ठेवून श्वास घेणं अनेकांना जमत नाही.

लहान भोकाची खूण कधी कधी आकड्याआधी कानाला मिळते. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजते.

ध्वनी आणि पीक फ्लो

अकॉस्टिक रायनोमेट्री १९८९ पासून वापरात आहे. नाकात ध्वनीची लहर सोडायची आणि परत येणाऱ्या लहरीवरून कोणत्या खोलीवर पोकळी किती रुंद आहे ते काढायचं. श्वास रोखायचा, गिळायचं नाही, खोली शांत हवी, नाकाच्या टोकाशी जेल लावून फट बुजवायची. सर्वांत अरुंद जागेचं क्षेत्रफळ आणि पहिल्या ५ सेंटीमीटरचं घनफळ नोंदवा. त्यापुढच्या रेघेवर विसंबू नका. आपल्या ऑपरेशनची जागा ७ सेंटीमीटरच्या आसपास आणि मशीनचा भरवसा ५ पर्यंत. शिवाय स्फेनॉइडचं तोंड रुंद केल्यावर ध्वनी त्या पोकळीत शिरतो आणि मागचं घनफळ फुगलेलं दिसतं. ते पाहून ‘नाक मोकळं झालं’ असं लिहिणं चूक आहे. पुढच्या भागासाठी, व्हॉल्व्हपाशी काही बिघडलं का हे पाहायला, ही चाचणी उत्तम.

पीक फ्लो मीटर स्वस्त, छोटा आणि कुठेही नेता येणारा. रुग्णाने पूर्ण श्वास सोडायचा, मास्क लावून तोंड मिटायचं, आणि नाकाने एकदाच, जोराने, पूर्ण आत ओढायचं. आधी दोन-तीनदा सराव करून घ्या, कारण पहिले प्रयत्न नेहमी कमी येतात. मग तीन नोंदी आणि त्यातली सर्वांत मोठी धरायची. ओढताना नाकपुडीच्या भिंती आत खेचल्या जातात का ते पाहा. आकडा लिटर प्रति मिनिटात येतो. वय, उंची, लिंग आणि फुप्फुसाची ताकद यांवर तो अवलंबून असल्याने दुसऱ्याशी तुलना नको, स्वतःशीच करा. साधारण २० लिटरचा फरक पडला तर तो रुग्णाला जाणवण्याइतका समजतात.

हार्मोन विसरू नका

नाकात झालेला प्रत्येक बदल सर्जनच्या हातून झालेला नसतो. अ‍ॅक्रोमेगॅलीत वाढीच्या हार्मोनमुळे नाकातल्या मऊ पेशी जाड होतात. गाठ निघून हार्मोन खाली आला की ही सूज उतरते आणि नाक मोकळं होतं, पण वाढलेलं हाड मागे जात नाही. कुशिंगमध्ये उलटा खेळ. शरीरातल्या जादा कॉर्टिसोलने जुनी अ‍ॅलर्जी दाबून ठेवलेली असते. बरं झाल्यावर ती डोकं वर काढते, शिंका सुरू होतात, नाक भरतं, आणि दोष ऑपरेशनला दिला जातो. थायरॉइड कमी पडत असेल तर अस्तर सुजतं. ब्रोमोक्रिप्टिन घेणाऱ्यांना औषधानेच नाक चोंदू शकतं. म्हणून प्रत्येक मोजणीच्या कागदावर त्या दिवशीची औषधं आणि शेवटचे हार्मोन रिपोर्ट असलेच पाहिजेत.

आकडा चांगला, तरी नाक बंद

श्वास मोकळा आहे हे आपल्याला हवेच्या प्रमाणावरून कळत नाही, हवेने अस्तर थंड होतं त्यावरून कळतं. अस्तरातल्या चेतातंतूंवर थंडावा टिपणारे ग्राहक असतात. मेन्थॉल हुंगल्यावर नाक उघडल्यासारखं वाटतं, पण तेव्हा रोध तेवढाच असतो. अस्तराची पट्टी उचललेल्या जागी, खपल्यांखाली, हा थंडावा नीट टिपला जात नाही. मग हवा येत असूनही माणसाला ती आली असं वाटत नाही. अशा रुग्णाला ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढंच सांगून परत पाठवू नका. आता दुर्बीण घाला. खपल्या, कोरडेपणा, पडदा आणि मधलं टर्बिनेट यांच्यामध्ये चिकटलेला पूल, व्हॉल्व्हपाशी सूज, हे सगळं शोधा. खपल्या असतील तर काढा. त्यासाठी औषध मारावं लागलं नसेल तर अर्ध्या तासाने पुन्हा मोजा, म्हणजे खपल्यांचा वाटा किती होता ते उघड होतं. चिकटलेला पूल लवकर सापडला तर तो बाह्यरुग्ण विभागातच मोकळा करता येतो.

नोंदीच्या कागदावर मी शेवटी पुढची ओळ लिहिते, आणि पुढच्या भेटीला सर्वांत आधी तीच वाचते: तारीख, वेळ, एकूण रोध स्प्रेआधी आणि नंतर, पीक फ्लो, नोजचे गुण, पडदा अखंड की नाही, अस्तराची पट्टी कोणत्या बाजूची, टर्बिनेट सारलं की काढलं, आणि रुग्णाने वापरलेले शब्द. ‘उजवीकडून श्वासच येत नाही’ हे तसंच, अवतरणचिन्हांत.